पावतीवरचा पत्ता: बेळगावातल्या एका मिठाईच्या दुकानावरचा बहिष्कार

मी पेशाने सनदी लेखापाल. या कुटुंबाचे हिशेब माझ्या कार्यालयात तयार होतात, आणि ज्या कागदावरून हे सगळं पेटलं त्या कागदात माझाही हात आहे. तेव्हा हे प्रकरण मी लांबून पाहून लिहीत नाही. घरच्यांनी मजकूर वाचून संमती दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. थोरल्या मालकांना इथे अण्णा म्हणतो आणि त्यांच्या मुलाला दादा. ही हाक बेळगावात दर दुसऱ्या घरात ऐकू येते.

पार्श्वभूमी

आजोबांनी एक कढई आणि दोन कारागीर एवढ्यावर कुंद्याचं दुकान सुरू केलं. आज चार शाखा आहेत, शहराबाहेर कारखाना आहे आणि काही वर्षांपासून खासगी मर्यादित कंपनी आहे. अण्णा अध्यक्ष, दादा कार्यकारी संचालक, अण्णांचे धाकटे भाऊ तिसरे संचालक.

कुंदा करायचा म्हणजे दूध आणि साखर तळाला लागू न देता, खरपूस रंग येईपर्यंत आटवत राहायचं. या धंद्याचा जीव दुधात आणि खव्यात. ते येतं तालुक्याच्या पश्चिम भागातल्या गावांतून, आणि बारसं, साखरपुडा, वास्तुशांत, गावची यात्रा असली की तीच गावं पेढ्या-बुंदीची ऑर्डर या दुकानात देतात. दूध घालणारा आणि पेढे नेणारा पुष्कळदा एकाच घरातला असतो.

सीमाभागात गिऱ्हाईक दुकानाचं घराणंही बघतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून तो दिवस कर्नाटकचा राज्योत्सव आहे आणि इथल्या मराठी माणसाचा काळा दिन. त्याच वर्षी १७ जानेवारीला गोळीबारात माणसं गेली. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात पुन्हा गेली. त्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे. महाराष्ट्राने ८६५ गावांसाठी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. या दुकानाचे आजोबा सीमा सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. गल्ल्यामागे शिवरायांच्या तसबिरीशेजारी त्यांचा फोटो आहे, आणि त्यांच्या काळापासून १ नोव्हेंबरला दुकान उघडलेलं नाही.

मधल्या काळात गावाचं राजकारण बदललं. २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. मराठी मतं राष्ट्रीय पक्षांकडे गेली. समितीच्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘राष्ट्रीय पक्षात गेलेला’ हे शब्द आले की तो आरोप असतो, आणि तो आरोप आता भाऊ भावावर, सासरा जावयावर करतो. दुकानावर वळलेला राग या आधीच दुखऱ्या जागेवरचा होता, हे विसरून पुढचं काही समजणार नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

१० मे २०२३ ला मतदान होतं. त्याआधी मार्चअखेरीस दादांचा एक वर्गमित्र राष्ट्रीय पक्षाच्या निधीसाठी त्यांच्याकडे आला. दादांना त्या पक्षाबद्दल मनापासून आपुलकी आहे. कोणतं काम काढून घेण्यासाठी त्यांनी पैसे दिले नाहीत, हे मी त्यांच्या वह्या पाहून सांगतो. त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, रोख देऊ नका, स्वतःच्या खात्याचा चेक द्या. जुन्या करपद्धतीत कलम ८० जीजीसीखाली वजावट मिळेल. रक्कम वीस हजारांच्या वरची आणि लाखाच्या आतली होती. पावतीसाठी नाव, पॅन आणि पत्ता कळवायचा होता. माझ्या कार्यालयातल्या मुलाने विचारलं, पत्ता घरचा का दुकानाचा? दिवसा घरी टपाल घ्यायला कुणी नसतं, म्हणून मी म्हटलं, दुकानाचा दे.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ सीप्रमाणे वीस हजारांवरच्या प्रत्येक देणगीची माहिती पक्षाला दरवर्षी निवडणूक आयोगाला द्यावी लागते. देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम नमुना २४ एमध्ये भरली जाते, आणि ते अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहायला मिळतात. हा नियम मला पाठ होता. दुकानाचा पत्ता लिहिताना तो माझ्या मनात आला नाही.

वर्षभर कुणी तिकडे फिरकलं नाही. मग १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांची, म्हणजे नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याची योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये रोख्यांच्या याद्या जाहीर झाल्या. कोणी कुणाला किती दिले हे घरबसल्या बघता येतं, हे त्या महिन्यात पुष्कळ तरुणांना प्रथम कळलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर असताना, पश्चिम भागातल्या एका पदवीधर मुलाने पक्षांचे जुने अहवाल चाळले. त्याला दादांचं नाव सापडलं. नावाखाली आमच्या दुकानाचं नाव, गल्ली आणि पिनकोड होता.

त्याने त्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढून चित्र व्हॉट्सॲपवर टाकलं. वर लिहिलं: ‘कुंदा आमचा, पैसा त्यांना.’ दोन दिवसांत ते युवक मंडळांच्या, भजनी मंडळांच्या, गल्लीगल्लीच्या गटांत पोचलं. वाटेत त्यात एक वाक्य वाढलं, की ही देणगी कंपनीने दिली आहे.

त्या रात्री दादांनी अण्णांना न विचारता उत्तर टाकलं: ‘पैसा माझा आहे. कुणाला द्यायचा ते मी ठरवणार. ज्याला नको त्याने घेऊ नये.’ लोकांनी शेवटचं वाक्य शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी एका बचत गटाने दिवाळीच्या डब्यांची ऑर्डर रद्द केली, पाठोपाठ दोन मंडळांनी. तीसेक वर्षं आमच्याकडून कुंदा नेणाऱ्या एक बाई आल्या, आम्ही दिवाळीत देतो ती कापडी पिशवी त्यांनी घडी करून गल्ल्यावर ठेवली आणि काही न बोलता गेल्या. मी तेव्हा दुकानात होतो. अण्णा खुर्चीतून उठले, पण त्यांना हाक मारता आली नाही.

ज्या आठवड्यात खप दुप्पट व्हायचा, त्या आठवड्यात मराठी वस्तीतल्या दोन शाखांचा खप निम्म्याच्या आसपास आला. कन्नड गिऱ्हाइकांत फरक पडला नाही. उलट काहींनी दादांना फोन करून शाबासकी दिली. अण्णांना बहिष्कारापेक्षा ती शाबासकी जास्त लागली.

खरा फटका मात्र वेगळीकडेच बसला. खप नाही म्हटल्यावर कारखान्याने गवळ्यांना निम्मंच दूध आणायला सांगितलं. एक गवळी कॅन घेऊन परत जाताना अण्णांना म्हणाला, “मेसेज माझ्याच पोरानं फिरवला आणि दूध माझंच परत चाललंय. आता मी कुणाला बोलू सांगा की.”

समोर असलेले पर्याय

त्या रात्री अण्णांच्या घरी बैठक झाली. तिघे संचालक, अण्णांची थोरली मुलगी आणि मी.

धाकट्या भावाचं मत होतं, गप्प बसावं; दिवाळी संपली की लोक विसरतील. एरवी मीही हेच म्हटलं असतं. पण दादांच्या संदेशानंतर शांततेचा अर्थ ‘ते तसंच म्हणतायत’ एवढाच निघाला असता.

मी सुचवलं ते खुलाशाचं. कंपनीने पैसा दिलेला नाही, हे कागदोपत्री खरं होतं. कंपनीने द्यायचा तर कंपनी कायद्याच्या कलम १८२ प्रमाणे संचालक मंडळाचा ठराव लागतो आणि रक्कम नफा-तोटा पत्रकात दाखवावी लागते. तसा ठराव नव्हता, पत्रकात रक्कम नव्हती, चेक दादांच्या बचत खात्याचा होता. मी कागद घेऊनच गेलो होतो. अण्णांनी ते नीट वाचले आणि दादांकडे वळून म्हणाले, “पैसा तुझा, हे पटलं. पण पत्ता कुणाचा गा?” मग कुणालाच काही सुचेना. तो पत्ता मी लिहायला सांगितला होता, हे मी तिथेच सांगितलं.

खोटा मजकूर पसरवल्याची तक्रार करावी, असंही निघालं. त्या मजकुरातलं एकच वाक्य चूक होतं, बाकी सगळं खरं होतं. आणि गवळ्याच्या पोराला पोलिसांत खेचून त्याच्याच घरचं दूध विकत घ्यायचं, हे अण्णांना मान्य होणं शक्य नव्हतं.

सर्वांत मोहाचा पर्याय मुलीने मांडला. हे घर समितीला पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी देत आलं आहे. शिवजयंतीच्या चित्ररथाला देतं, गणपतीला देतं, १७ जानेवारीच्या कार्यक्रमाला देतं. ही वर्गणी छोटी, रोख, पुस्तकातल्या पावतीवरची. ती कोणत्याही संकेतस्थळावर दिसत नाही. एका ड्रॉवरभर पावत्या होत्या. त्यांचे फोटो टाकले असते तर एका दुपारीत वारं फिरलं असतं. अण्णांनी नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं असं, की वडिलांनी जे दिलं ते दाखवण्यासाठी दिलं नव्हतं. शिवाय त्या पावत्या बाहेर आल्या की उद्या दुसरी बाजू दारात येईल, आणि कढईवर उभे असलेले निम्मे कारागीर कन्नड बोलणारे आहेत; त्यांनी त्या गर्दीतून कसं यायचं? माझ्या मते सबंध प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. ड्रॉवर उघडला असता तर दुकान कायमचं मोजपट्टीवर गेलं असतं: यांना किती, त्यांना किती. तेवढीच रक्कम आता समितीला द्यावी, ही सूचनाही याच कारणाने मागे पडली.

शेवटचा पर्याय दादांनी स्वतः मांडला: मी पद सोडतो. अशी उदाहरणं आहेत. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलात ब्रेंडन आईक यांची मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून नेमणूक २४ मार्च २०१४ ला जाहीर झाली आणि ३ एप्रिलला ते पायउतार झाले. कारण होतं २००८ मधली एक हजार डॉलरची देणगी, कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाला बंदी घालणाऱ्या प्रस्तावासाठी दिलेली. पैसे त्यांचे स्वतःचे होते. पण तिथल्या कायद्यानुसार देणगीदाराच्या नावापुढे तो कुठे नोकरी करतो तेही नोंदवतात, आणि त्या नोंदीत मोझिलाचं नाव होतं. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा दादा बराच वेळ गप्प राहिले. त्यांचा राजीनामा अण्णांनी घेतला नाही. एका पक्षाला मानतो म्हणून मुलाला दुकानातून काढलं, तर उद्या कारागिरालाही त्याच कारणाने काढावं लागेल, असं ते म्हणाले.

काय केले

पहिलं काम म्हणजे दादांनी आपला संदेश मागे घेतला आणि त्याच गटात लिहिलं की ती भाषा चुकली, मी भेटायला येतो. गुपचूप पुसून टाकण्याचा सल्ला कुणीतरी दिला होता, पण चित्रं सगळ्यांकडे होती.

मग फलक. चार ओळींचा: देणगी संचालकाने स्वतःच्या खात्यातून दिली आहे, कंपनीने दिलेली नाही, तीवर दुकानाचा पत्ता घातला ही आमची चूक आहे, त्याबद्दल दिलगीर आहोत. तो कोणत्या भाषेत लावायचा, यावर देणगीवर झाला नाही इतका वाद झाला. रागावलेलं गिऱ्हाईक मराठी, तेव्हा मराठीतच लावा, हे माझं मत. अण्णांनी मराठी आणि कन्नड दोन्हीत, एकाच आकाराच्या अक्षरांत लावायला लावला. “कारागीर रोज याच्यासमोरून जाणार. त्यांच्यापासून लपवून काय सांगायचं आहे?” दोन दिवस कुरबूर झाली. नंतर एका कन्नड कारागिराने गावातल्या मराठी शेजाऱ्यांना हा फलक स्वतःहून समजावून सांगितल्याचं कळलं, तेव्हा मला माझं मत बदलावं लागलं.

त्या वर्षी मराठी पंचांगांत लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरलाच आलं. वर्षातला मोठ्या विक्रीचा दिवस आणि काळा दिन एकत्र. आधीच तोटा झालेला, कारागिरांचा बोनस द्यायचा होता. निदान संध्याकाळी तरी उघडू, असं दादा आणि धाकटे भाऊ म्हणत होते. काहींनी उलट सुचवलं: बंद ठेवा, पण मोठा फलक लावून, म्हणजे लोकांना दिसेल. अण्णांनी दोन्ही नाकारलं. दुकान दरवर्षीप्रमाणे बंद राहिलं, काही न लिहिता. आदल्या रात्री उशिरापर्यंत विक्री केली, बोनस घरातल्या ठेवीतून दिला. काळ्या दिनाची जाहिरात केली नाही, हे लोकांच्या लक्षात आलं की नाही मला सांगता येणार नाही. दार बंद होतं, हे मात्र आलं.

तुळशीच्या लग्नानंतर अण्णा, दादा आणि मी त्या गावांपैकी एकात गेलो. देवळात पन्नासेक माणसं होती, बायका एका बाजूला. ज्याने चित्र टाकलं तो मुलगाही समोर बसला होता. बोलायला आधी एक म्हाताऱ्या आज्जी उठल्या.

“तुझा आज्जा जेलात असताना डबा माझ्या सासऱ्यानं पोचवलाय. आमच्यातल्या कुणी कधी पैसे मागितले काय रे? आणि तू म्हणतोस, नको तर घेऊ नका.”

दादा उभे राहिले. कुणाला मत द्यायचं आणि स्वतःचा पैसा कुणाला द्यायचा हे मी तुम्हाला विचारणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याबद्दल माफीही मागितली नाही. पण या घराचं नाव त्या कागदावर जायला नको होतं, आणि तुम्हाला जे बोललो ते बोलायला नको होतं, या दोन गोष्टींची माफी त्यांनी वाकून मागितली. मग मी उठून पत्त्याचं सांगितलं. तो मुलगा म्हणाला, “कंपनीनं दिलं असं मी लिहिलं नव्हतं, ते कुणीतरी नंतर जोडलंय.” ते खरं होतं, आणि ते त्याच्या तोंडून गावासमोर आलं हे बरं झालं.

सगळे निवले नाहीत. दोघे-तिघे मधेच उठून गेले. राष्ट्रीय पक्षाला पैसा देणाऱ्याने आजोबांचा फोटो दुकानात लावू नये, असं एक जण जाताना म्हणाला. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. मलाही ते वाक्य झोंबलं, पण तसं वाटण्याचा त्याला अधिकार आहे.

परिणाम

संक्रांतीपर्यंत कारखान्याचं दूध जवळजवळ पूर्ववत झालं. शहरातल्या शाखा सावरल्या. पश्चिम भागातल्या लग्नसराईच्या ऑर्डरी बऱ्याचशा परत आल्या, बचत गटाची आली नाही. त्यांनी दुसरीकडे लावून दिली आणि तिथे त्यांना माल चांगला मिळतो. कापडी पिशवी ठेवून गेलेल्या बाई पुन्हा आल्या नाहीत. १७ जानेवारीला अण्णा नेहमीसारखे अभिवादनाला गेले. दादा गेले नाहीत. गेलो तर देखावा होईल, असं ते म्हणाले, आणि मला ते योग्य वाटलं. पक्षाशी त्यांचं नातं आहे तसंच आहे.

पुन्हा वेळ आली तर

माझ्यापुरतं पहिलं उत्तर सोपं आहे. देणगीच्या कागदावर घरचाच पत्ता, आणि ‘हे नाव सार्वजनिक यादीत छापलं जाईल’ हे पक्षकाराला सही करण्याआधी तोंडी सांगायचं. माझ्या कार्यालयात आता हे झाल्याशिवाय पावती पुढे जात नाही. मी वजावटीचा विचार केला, गल्लीचा केला नाही.

दादांच्या हातून गेली ती पहिली रात्र. चार तास थांबून अण्णांना विचारलं असतं, तर कदाचित देवळात जायची वेळ आली नसती. देणगीने लोक दुखावले होते, तोडले ते त्या उत्तराने.

गवळ्यांच्या बाबतीत आम्ही सगळेच उशिरा जागे झालो. खप कमी झाल्याबरोबर दूध निम्मं करण्याऐवजी दोन आठवडे खवा करून शीतगृहात ठेवता आला असता. खर्च आला असता, पण ज्यांचा या वादाशी संबंध नव्हता त्यांच्या चुलीपर्यंत तो गेला नसता. बैठकीत तासभर पक्ष, समिती, कायदा यांवर बोललो. दुधाचा विषय सर्वांत शेवटी निघाला, तोही मुलीने काढला.

एक प्रश्न मात्र अजून घरात सुटलेला नाही. त्यानंतरच्या मार्चमध्ये संचालक मंडळाने ठराव केला: कंपनी कोणत्याही पक्षाला देणगी देणार नाही, आणि संचालक वैयक्तिक देणगीत दुकानाचं नाव वा पत्ता वापरणार नाहीत. अण्णांना त्यात आणखी एक कलम हवं होतं, की संचालकाने दिलेली देणगी आधी घरात सांगावी. यादीत येणारच असेल तर घरच्यांना बाहेरून का कळावं, हा त्यांचा मुद्दा. दादांचं म्हणणं, आज देणगी सांगायची, उद्या मत सांगावं लागेल. मला दोघांचंही पटतं, आणि मी तसं दोघांना सांगितलं. ठराव त्या कलमाशिवाय मंजूर झाला. अण्णांनी सही केली, पण आपली हरकत इतिवृत्तात नोंदवून घेतली.